हललेला चेहरा

“यातला तुमचा कुठला?” मी विचारलं.

ज्ञानूआबा नलवड्यांनी फोटोवर बोट टेकवलं. पलटणीचा फोटो होता तो. चार रांगांत दाटीवाटीने बसलेले, उभे राहिलेले जवान. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे कपडे, डोक्यावर एकसारखी टोपी. आबांचं बोट दुसऱ्या रांगेवरून सरकत गेलं, थबकलं, माघारी आलं, तिसऱ्या रांगेत शिरलं. शेजारी त्यांची मंडळी, कोंडाबाई, टेबलावर ओणव्या झाल्या होत्या. त्यांनाही लेक सापडत नव्हता.

“तिसऱ्या वळीत. झाडाच्या बुंध्याम्होरला,” दारातून आवाज आला.

उंबऱ्याबाहेर त्यांची सून उभी होती. हौसा तिचं नाव. वीस-एकवीसची असेल. कपाळ रिकामं, हात रिकामे. तिने आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. रस्त्याकडे तोंड ठेवूनच बोलली होती. आबांचं बोट बुंध्यापाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

“ह्यो. ह्योच आमचा निवृत्ती.”

ही गोष्ट बहात्तर सालच्या एप्रिलातली. बांगलादेशच्या लढाईत गेलेल्या माणसांच्या ट्रंका आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत नुकत्याच येऊन पडल्या होत्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. कोल्हापुरात हुपरीकर पेंटरांच्या हाताखाली फोटोवरचं रंगकाम आणि दुरुस्ती शिकून आलो होतो आणि रहिमतपूरच्या पेठेत माझा स्टुडिओ नवा-नवाच होता. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांत मी आणि माझी बायको शालन. मनात मात्र सगळा वेळ कोल्हापूरचं प्रदर्शन असायचं. तिथे आपलं एक काम लागावं आणि हुपरीकरांनी त्याच्यापुढे उभं राहावं, एवढंच तेव्हा मला आयुष्याकडून हवं होतं.

“एक मेला गावात मामलेदार येणार हायती,” आबा सांगत होते. “साळंत निवृत्तीचा फोटू लावायचाय. त्येला हार घालणार, भाषान करणार. सरपंच म्हणाला, चांगला हातभर मोठा फोटू पायजे, काचंतला.”

“दुसरा फोटो नाही? लग्नातला?”

“लगीन घाईत उरकलं. रजा संपत आलीवती. म्हणलं, पुढल्या रजंला काढू.”

“मग?”

“पुढल्या रजंला सुगी हुती,” कोंडाबाई म्हणाल्या.

मी भिंग घेऊन खाली वाकलो. तुरीच्या डाळीएवढा एकेक चेहरा. पण बाकीच्या चेहऱ्यांची नाकं, मिश्या, टोपीचे बिल्ले, सगळं स्वच्छ दिसत होतं. निवृत्तीचंच काही लागत नव्हतं. फोटो घेतला त्याच क्षणी त्याने मान वळवली असावी. डोळ्यांच्या जागी एक काळसर फराटा आणि त्याच्याखाली हनुवटीची दोन टोकं.

“हा हललाय,” मी म्हणालो. “मोठा करून उपयोग नाही. जेवढा मोठा करू तेवढा फिसकटेल.”

“गप कवा बसलाच न्हाई त्यो,” कोंडाबाई पुटपुटल्या.

फोटो आबांच्या हातात परत देता देता माझी नजर त्यांच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या तरुणाकडे गेली. रुंद जबडा, खोल डोळे, कान जरा बाहेर आलेले.

“हा कोण?”

“धाकला. आनंदा.”

“निवृत्तीसारखा दिसतो?”

“दोगं येका साच्यातली,” कोंडाबाई म्हणाल्या. “ह्येच्या गालावर तीळ हाय, त्येच्या नव्हता. आन् त्येच्या भुवया दाट.”

हुपरीकरांकडे मी असली कामं पाहिली होती. मेलेल्या बापाचा फोटो नसला की ते मुलाला बसवत, फोटो काढत, आणि मग पेन्सिल आणि कुंचला घेऊन त्या मुलाचा बाप करत. लोक फोटो बघून हंबरडा फोडत. हुपरीकर म्हणत, आपण माणूस परत आणतो, हे लक्षात ठेव.

“निवृत्तीचे कपडे आहेत का?” मी विचारलं.

“ट्रंकंत आल्यात की. टोपीबी हाय.”

“मग याला ते घालून आणा. तीळ मी काढीन, भुवया दाट करीन. बाकी तुम्ही बसून सांगत जा, मी तसं करत जाईन. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आनंदाने दाराकडे, वहिनीकडे पाहिलं. ती रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघत होती.

तीन-चार दिवसांनी ते आले. आनंदा आतल्या खोलीत जाऊन कपडे बदलून आला. बाह्या किंचित लांब होत्या, पट्टा एक भोक आत ओढावा लागला. मी त्याला स्टुलावर बसवलं, टोपी जराशी उजवीकडे कलती केली, दिवे लावले. हौसा या खेपेलाही पुढे थांबली नव्हती. मागच्या खोलीत शालनपाशी जाऊन बसली होती.

“आता हलू नकोस,” मी म्हणालो. “श्वाससुद्धा दमानं घे.”

मी कॅमेऱ्यामागे गेलो आणि तेवढ्यात कोंडाबाई ओरडल्या.

“निवृत्ती!”

त्या उठून दिव्यांच्या उजेडात शिरल्या होत्या. दोन्ही हातांनी आनंदाची कॉलर चाचपत होत्या, छातीवरची बटणं चाचपत होत्या. “कवा आलास रं? कवा आलास?”

मी हलू नको म्हणालो होतो, म्हणून पोरगा हलला नाही. आई कॉलर धरून रडत होती आणि तो समोर बघत ताठ बसला होता. आबांनी त्यांना खांद्याला धरून मागे घेतलं. त्याच घडीला आनंदाचे डोळे भरून आले, पण पाणी बाहेर पडलं नाही. मी खटका दाबला.

मागच्या खोलीच्या पडद्यापाशी हौसा येऊन उभी राहिलेली मी पाहिली. तिने एकदाच पाहिलं. मग ती आत गेली आणि शालनने नंतर सांगितलं की, ती न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत कितीतरी वेळ बसून राहिली होती.

पुढचा आठवडा मी दुसरं काही केलं नाही. आधी निगेटिव्हवर पेन्सिलने बारीक काम केलं, मग छापावर कुंचल्याने. तीळ गेला. भुवया दाट झाल्या. आबा दोनदा येऊन बसले आणि नाकाचा शेंडा, ओठांची कड सांगून गेले. वय चार-पाच वर्षांनी वाढवायचं होतं, ते मी डोळ्यांखाली दोन सावल्या टाकून वाढवलं. पण खरं काम माझं नव्हतंच. ते त्या भरलेल्या डोळ्यांत होतं. मरायला निघालेला आणि ते ठाऊक असलेला जवान वाटत होता तो. असा फोटो माझ्या हातून तोवर झाला नव्हता. मी त्याची एक जादा प्रत काढली आणि कोल्हापूरला पाठवायची म्हणून बाजूला ठेवली. शालनला दाखवली तर ती म्हणाली, “छान आहे,” आणि निवडत असलेल्या तांदळाकडे वळली.

बाजारच्या दिवशी दुपारी हौसा आली. आनंदा बरोबर होता, पण तो समोरच्या पिंपळाखाली थांबला. ती मात्र या खेपेला मागे शालनकडे न जाता सरळ माझ्या टेबलापाशी आली. शालनने तिला पाणी दिलं. ते तिने खाली ठेवलं.

“झाला फोटू?”

मी मोठ्या अभिमानाने छाप तिच्यासमोर धरला. तिने बघितलं न बघितलंसं केलं आणि मान फिरवली.

“दादा, ह्यो देऊ नका.”

“का? काही चुकलंय? सांगा, मी दुरुस्त करतो.”

“चुकलं कायबी न्हाई. म्हणूनच देऊ नका.”

मला कळेना. शालनने मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसली.

हौसा बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “नवरा म्हणून माज्या वाटंला किती आला ओ त्यो? तीन रजा. त्यातबी निम्मा येळ शेतात, न्हाईतर पावण्या-रावळ्यांत. पर डोळं मिटलं की त्येचं तोंड यायचं माज्यापुढं. नाक, दात, कानामागचा वण. समदं यायचं. आता येत न्हाई.”

“आता काय येतं?” शालनने विचारलं.

“आनंदा भावजी येत्यात. टोपी घालून. त्या दिशी पडद्याआडनं बगितलं, तवापास्नं त्येच येत्यात. लई पर्यत्न करते मी. चुलीपुढं बसले की करते, पाण्याला निघाले की करते. न्हाईच येत.”

बाहेर बाजारचा कालवा चालला होता. ती आवाज खाली न आणता, वर न नेता बोलत होती.

“आत्याबाईंचंबी तसंच झालंय. परवा भावजींना ताट वाढलं आन् म्हणाल्या, निवृत्ती, बस. घरात कुनी काय बोललं न्हाई. मामंजी तर हसले. त्येंच्या मनात येगळंच हाय. माज्या म्हायेरच्यांना बोलावून घेतलंवतं. भावजींसंगं माझा पाट लावायचा म्हणत्यात. घरची लक्षुमी घरात ऱ्हाईल.”

“आणि तुमच्या मनात?”

“मी नांदाय आले तवा भावजी शाळंत हुतं. डोक्याला त्याल चोपडून मी धाडायची त्येंना.” ती थांबली. “त्येंच्याबी मनात न्हाई. पर आबाम्होरं त्येंचं त्वांड उघडत न्हाई. आन् ह्यो फोटू भितीला लागला की मंग संपलंच. समदं गाव ह्यालाच निवृत्ती म्हणंल. मीबी म्हणीन. मंग घरात निवृत्ती हिंडतोयच की, पाट लावाय कुनाची हरकत?”

मी म्हणालो, “पण वहिनी, दुसरा फोटोच नाही. त्या पलटणीच्या फोटोतून काढला तर काहीच दिसणार नाही. नुसता धूर दिसेल.”

“धूर तर धूर. पर त्येचाच ना?”

मी हातातला छाप उलटा करून टेबलावर ठेवला.

“मेलेल्या मानसाला दुसऱ्याचं त्वांड लावू नका, दादा,” ती म्हणाली आणि पदराआडून तो पलटणीचा फोटो काढून तिने टेबलावर ठेवला. आबांच्या पेटीतून तिने तो काढून आणला होता.

मी त्या फोटोचा फोटो घेतला. तो धुऊन, वाळवून होईपर्यंत ती शालनला भाजी निवडू लागली. आनंदाला शालनने आत बोलावलं, तरी तो आला नाही. पिंपळाखालीच बसून राहिला. मग शालनला बरोबर घेऊनच मी हौसाला अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल दिवा लावला, कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला. तिघं वाकून बघत राहिलो.

आधी काहीच नाही. मग टोपीची कड. मग बुंध्याचा काळा पट्टा, शेजारच्या जवानाचा खांदा. आणि मध्ये, सगळ्यात शेवटी, तो चेहरा: पुसलेला, दोन हनुवट्यांचा, डोळ्यांच्या जागी फराटा असलेला. मी मनात म्हणालो, झालं, आता बिचारी रडेल.

“हसतुया,” हौसा म्हणाली.

“कुठं?” माझ्या तोंडून गेलं.

“हितं न्हाई दिसत. पर हसायच्या आदी मान अशी वळायची त्येची. आदी मान, मंग हासू.” तिने स्वतःची मान किंचित वळवून दाखवली. त्या लाल उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. शालनने तिचा हात धरला होता. “मंगाशी याद नव्हतं मला. आत्ता आलं.”

कागद काळा पडायच्या आत मला तो उचलावा लागला.

आठवड्याने फोटो न्यायला आबा आले. बरोबर कोंडाबाई आणि आनंदा होते, आणि हौसाही होती. मी दोन्ही छाप टेबलावर शेजारी-शेजारी मांडून ठेवले होते. काय बोलायचं ते रात्रंदिवस घोळवलं होतं, पण आबा समोर आले तसं सगळं उडून गेलं.

“वा, वा!” आबांनी आनंदाचा फोटो उचलला. डोळे पुसले. “जसाच्या तसा केला की ओ!” मग दुसरा पाहिला. “ह्यो कुनाचा?”

“निवृत्तीचा. पलटणीच्या फोटोतून काढलाय.”

“ह्येच्यात काय हाय? नुसता धूर. मामलेदार इचारंल, कोन ह्यो? काय सांगू?”

“निवृत्ती आहे म्हणून सांगा.”

“आन् ह्यो?”

“तो आनंदा आहे,” मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “आवं, तुमीच म्हणाला ना, तीळ काढीन, बगनाऱ्याला कळनार न्हाई?”

“तीळ काढला. पण आबा, तो आनंदाच राहिला.”

“मला न्हाई तसं वाटत. मला निवृत्ती दिसतुया. आईला इचारा त्येच्या.” त्यांचा आवाज चढला. “आन् तुमाला ह्ये कुनी शिकवलं? पेटीतला फोटू हितं कसा आला?” ते हौसाकडे वळले. “तू आणलास?”

हौसा भिंतीला टेकून उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली.

“आबा,” आनंदा म्हणाला.

त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. जाडसर, फुटलेला आवाज होता. बोलताना त्याने बापाकडे बघितलंच नाही. तो आईकडे वळला.

“आये, एक मेला ह्येला हार घालनार न्हवं?”

“व्हय की.”

“म्होरं उदबत्ती लावनार. फुडं घरात टांगनार. सालाच्या साल हार बदलनार. अमुशाला निवद दावनार.”

“व्हय, बाबा. का रं?”

“ह्यो मी हाय, आये.” त्याने टेबलावरच्या छापावर बोट ठेवलं. “मी भितीखाली जेवाय बसनार आन् तू माज्याच फोटूला हार घालनार. मी मेलो न्हाई अजून.”

कोंडाबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग आनंदाकडे. पुन्हा फोटोकडे. मग त्यांनी झडप घालावी तसा आबांच्या हातातून तो फोटो ओढला, छातीशी उलटा धरला आणि वरून पदर घेतला, जणू कुणी तो बघू नये.

“जित्या पोराला हार घालाय निगालात?” त्या आबांना म्हणाल्या.

“अगं, त्यो निवृत्ती म्हणून—”

“गप बसा! येक दिला न्हवं?” त्यांनी फोटो माझ्यापुढे केला. “मास्तर, ह्येची आनखी काय काय हाय तुमच्याकडं, समदं आना. माज्या डोळ्याम्होरं जाळा.”

मी आत गेलो. निगेटिव्ह आणली. छापाच्या इतर प्रती आणल्या. कोल्हापूरला पाठवायची म्हणून वेगळी ठेवलेली प्रतही आणली. शालनने शेगडी पेटवून ठेवलीच होती. निगेटिव्हची फित आधी आकसली, मग उकळल्यासारखी फुगली आणि घरभर उग्र वास सुटला. मोठा छाप शेवटी टाकला. भरलेले डोळे सगळ्यात उशिरा जळाले, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. कोंडाबाई राख होईपर्यंत उभ्या होत्या.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, टेबलावर उरलेला धुराचा फोटो उचलला आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“ह्योच काचंत घाला,” त्या म्हणाल्या. “आनंदा, चल.”

आनंदाचं नाव त्यांनी किती दिवसांनी नीट घेतलं, ते हौसाच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

एक मेला मी नलवड्यांच्या गावी गेलो. शाळेपुढे मांडव होता, पताका होत्या, पोरं उन्हात रांगेने बसवली होती. टेबलावर फोटो ठेवला होता. मामलेदार हार घेऊन पुढे आले आणि थांबले. त्यांनी वाकून पाहिलं, मग सरपंचांकडे पाहिलं. सरपंच माझ्याकडे रागाने बघायला लागले. मांडवात कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात पुढच्या घोंगडीवर बसलेला एक म्हातारा उठून फोटोपाशी आला. डोळ्यांवर हाताची सावली करून त्याने पाहिलं. “निवृत्ती हाय की,” तो म्हणाला. “मागनं हाक मारली की आसाच वळायचा.”

“व्हय, व्हय,” बायकांतून कुणीतरी म्हणालं. “आसाच.”

मामलेदारांनी हार घातला. भाषण केलं. पोरांनी गाणं म्हटलं. हौसाला पुढे बोलावून साडीचोळी दिली, तेव्हाही ती खालीच बघत होती.

सगळं पांगल्यावर मी फोटो वर्गात भिंतीला नीट लागलाय का ते बघायला गेलो. ती तिथे एकटी उभी होती. मला वाटलं, जावं परत. पण तिने हाक मारली.

“दादा, ह्यो किती दिस टिकंल?”

“मी पुष्कळ पाण्यात धुतलाय. उन्हात ठेवला नाही तर आपल्या सगळ्यांच्या मागे राहील.”

“पुसट न्हाई व्हायचा?”

“आहे तसाच राहील.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने श्वास सोडला. किती दिवस धरून ठेवला होता, कुणास ठाऊक.

“मंग झालं,” ती म्हणाली. “आता मी इसरले तरी चालंल.”

मला वाटत होतं, नवऱ्याला जन्मभर उराशी धरून बसण्यासाठी तिला तो फोटो हवा होता. माझं तोंड बघून तिला ते समजलं असावं. तिने फोटोला हात जोडले आणि बाहेर, आत्याबाई जिथे तिची वाट बघत होत्या तिकडे, निघून गेली.

दुसऱ्याचं तोंड लावण्याची कामं मी त्यानंतर घेतली नाहीत. पुढे हुपरीकरांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मग तुझं पोट कशावर भरणार? पोट भरलं. पलटणीत भरती झालेली पोरं निघायच्या आधी मी गावोगाव जायला लागलो. पोरगा, त्याची आई, बायको, म्हातारा, असेल तर कुत्रं, सगळ्यांना घराच्या दारात बसवून फोटो काढायचो. ती छायाचित्रं पुढे कोल्हापूरला लागली, पुण्यामुंबईला लागली. लोक विचारतात, तुमचं पहिलं चांगलं काम कोणतं? मी एका शाळेतल्या भिंतीवरचा फोटो सांगतो. तो मुळात मी काढलेलाही नाही. कुणा पलटणीतल्या फोटोवाल्याचा आहे तो. आणि त्याने बहुधा तो बिघडलेला म्हणूनच धरला असेल.

पाटाची बोलणी त्या उन्हाळ्यातच थांबली. आनंदा शेती बघू लागला. हौसाला कोंडाबाईंनीच साताऱ्याला नर्सचं शिक्षण घ्यायला घातलं. आबा म्हणे महिनाभर घरात बोलत नव्हते. काही वर्षांनी कराडला तिने लग्न केलं. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, शेडगे आडनावाचा, पहिली बायको गेलेला. फोटो काढायला तिने मलाच बोलावलं.

देवळाच्या ओवरीत पंचवीसेक माणसं होती, बहुतेक शेडग्यांची. हौसाच्या माहेरचं कुणी आलं नव्हतं. विधवा पोरीने परक्या घरात पुन्हा उभं राहावं, हे त्यांना पटलं नव्हतं. मी नवराबायकोला मध्ये उभं केलं आणि बाकीच्यांना लावायला लागलो. मुलाकडची डावीकडे आली. माणसं मावेनात, म्हणून दोन रांगा केल्या. उजवी बाजू रिकामी होती. हौसा समोर बघत होती. तिने मान वळवली नाही.

ओवरीच्या खांबाला टेकून कोंडाबाई उभ्या होत्या. आनंदा त्यांना एसटीने घेऊन आला होता. हातात आहेराची पिशवी होती. आपण फोटोत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसावं. आणि मलाही त्यांना कुठे उभं करावं ते समजेना.

“मावशी,” मी म्हणालो, “तुम्ही...?”

त्यांनी पिशवी आनंदाच्या हातात दिली. डोक्यावरचा पदर नीट केला, चालत येऊन हौसाच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

“मी पोरीकडची,” त्या म्हणाल्या. “काढा.”